ब्रिटनमधले एक वर्ष : प्रवेशापासून परतीपर्यंत

ब्रिटनमध्ये मास्टर्सची पदवी साधारण एका वर्षात हाती पडते. भारतातून तिकडे जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा ओढा याच अभ्यासक्रमांकडे आहे आणि त्याची कारणे व्यवहारी आहेत. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात. ब्रिटनला मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बीए, बीकॉम, बीएस्सी चालते. अमेरिकेत दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचे राहणे, ब्रिटनमध्ये दोन्ही एकाच वर्षाचे. २०२२-२३ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांतले भारतीय विद्यार्थी १ लाख ७३ हजारांच्या घरात गेले आणि चीन दुसऱ्या क्रमांकावर सरकला. त्यानंतर व्हिसाचे नियम आवळले गेले, फी वाढली, पौंड महागला. इच्छुकांची रांग मात्र मोडलेली नाही. पुढचे विवेचन प्रामुख्याने या एका वर्षाच्या मास्टर्सचे आहे. बारावीनंतर जाणाऱ्यांचा रस्ता जिथे वेगळा होतो तिथे तो दाखवला आहे.

विद्यापीठ निवडताना बहुतेकांची नजर आधी जागतिक क्रमवारीवर जाते आणि तिथेच अडकून राहते. ब्रिटनमधली विद्यापीठे एका जातकुळीची नाहीत. ऑक्सफर्डमध्ये १०९६ च्या सुमारास अध्यापन चालू होते; केंब्रिज १२०९ चे, सेंट अँड्र्यूज १४१३ चे. एकोणिसाव्या शतकात लंडन आणि उद्योगनगरांतली विद्यापीठे आली. १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा घेण्याची मुभा मिळाली आणि नव्या विद्यापीठांची एक मोठी फळी उभी राहिली. २४ संशोधनप्रधान विद्यापीठांचा ‘रसेल ग्रुप’ हा जाहिरातींत शिक्क्यासारखा वापरला जातो. पण सेंट अँड्र्यूज, बाथ, लाफबरो ही नावाजलेली विद्यापीठे त्या गटात नाहीत. तेव्हा विद्यापीठाच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाचे पान वाचण्यात वेळ घालवलेला बरा : कोणते विषय सक्तीचे, कोणते ऐच्छिक, परीक्षा किती, डिसर्टेशन (प्रबंध) किती श्रेयांकांचे, उद्योगात प्रत्यक्ष काम करण्याची सोय आहे की नाही. मास्टर्सला एकूण १८० श्रेयांक असतात आणि त्यांतले बहुधा ६० एकट्या डिसर्टेशनचे. एकाच नावाच्या दोन अभ्यासक्रमांत जमीनअस्मानाचा फरक निघू शकतो.

संस्थेला परदेशी विद्यार्थी घेण्याचा सरकारी परवाना आहे का, हे त्याही आधी पाहावे. परवानाधारक संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना काढून घेतला गेला, तेव्हा दोन हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी अधांतरी लटकले. नंतर त्या विद्यापीठाला परवाना परत मिळाला. पण परवाना गेला की त्याचा पहिला फटका विद्यार्थ्यालाच बसतो, हे त्या वेळी सर्वांना कळले.

बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज ‘यूकास’ या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. एका अर्जात पाच पसंती देता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यक व पशुवैद्यक अभ्यासक्रमांसाठी आदल्या वर्षीची १५ ऑक्टोबर ही अखेरची तारीख असते, इतरांसाठी जानेवारी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. २०२६ च्या प्रवेशापासून एकसंध आत्मनिवेदनाच्या जागी तीन प्रश्न आले आहेत, मात्र एकूण मर्यादा पूर्वीचीच, ४००० अक्षरांची. इंग्लंडमध्ये पदवी सहसा तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीवर काही विद्यापीठे थेट पहिल्या वर्षात घेतात, काही सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात, तर काही आधी फाउंडेशन वर्ष करायला सांगतात. हे आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी, ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेली नसते.

मास्टर्ससाठी प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उघडतात आणि मागणी असलेल्या अभ्यासक्रमांच्या जागा अर्ज येतील तशा भरत जातात. त्यामुळे जाहीर झालेली अखेरची तारीख नावापुरती उरते. अर्जासोबत एसओपी (हा अभ्यासक्रम का, हे सांगणारे निवेदन), बहुधा प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रे आणि ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत तक्ता) लागतात. यांतली वेळखाऊ गोष्ट ट्रान्सक्रिप्टची. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागातून ती मिळायला कित्येक आठवडे जातात, म्हणून अंतिम वर्षाच्या पहिल्या सत्रातच तो अर्ज टाकून द्यावा. किती टक्के पुरेसे, याला एकच उत्तर नाही. भारतातल्या कोणत्या विद्यापीठाची पदवी आहे यावर काही ठिकाणी हा उंबरठा बदलतो. एटीकेटी (नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणे) असली म्हणून दार बंद होत नाही, पण ट्रान्सक्रिप्टवर ती दिसते. ती लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजीसाठी आयईएलटीएसचे ६.५ गुण सर्रास मागितले जातात आणि निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवरही समाधान मानतात. तशी सोय असेल तर परीक्षेची फी वाचते.

कन्सल्टंटबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. ‘आमची सेवा मोफत’ ही पाटी खरी असते, कारण त्याला पैसे विद्यापीठ देते. ज्या विद्यापीठांशी करार आहे तीच तो सुचवणार, हे ओघानेच आले. अर्ज भरायला त्याची मदत घेण्यात गैर काही नाही. निवड मात्र त्याच्या यादीपुरती ठेवू नये. खोटे अनुभवपत्र किंवा उसन्या पैशांचे बँक स्टेटमेंट सुचवणाऱ्याच्या कार्यालयातून तिथल्या तिथे उठावे. फसवणूक सिद्ध झाली की ब्रिटनची दारे दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात, आणि ती शिक्षा कन्सल्टंटला होत नाही.

आता पैशांचा हिशेब. लंडनबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाची फी २२,००० पौंड धरू. ब्रिटिश सरकारने ११ नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चाचा आकडा लंडनबाहेर दरमहा १,१७१ आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड ठरवला आहे. तोच बारा महिन्यांसाठी घेतला तर लंडनबाहेर १४,०५२ पौंड होतात. व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ च्या दराने ५२४ पौंड. त्याखेरीज आरोग्य अधिभार, ज्याला सगळे आयएचएस म्हणतात, वर्षाला ७७६ पौंड. पण एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अभ्यासक्रमानंतरचे चार महिने धरून मिळत असल्याने तो दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. बेरीज ३७,७४० पौंड. पौंड १२० रुपयांचा धरला तर हे ४५ लाख रुपये झाले. लंडनमध्ये ३०,००० पौंड फी असेल तर हाच आकडा ६० लाखांवर जातो. विमानाचे तिकीट आणि घराची अनामत यात धरलेली नाही.

या रकमेतले ४० लाख कर्जाऊ घेतले आणि साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर मासिक हप्ता ५४ हजारांच्या आसपास बसतो. शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज वेगळे. हा हप्ता भारतातल्या सुरुवातीच्या पगारातून झेपेल का, हा प्रश्न अर्ज करण्यापूर्वी घरात मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे. ‘तिकडे नोकरी लागेल आणि दोन वर्षांत फिटेल’ या गृहीतावर राहते घर तारण ठेवणे हा हिशेब नव्हे, जुगार आहे. कर्जाची एक बाजू जमेची : बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी फी पाठवली तर त्यावर टीसीएस (रक्कम पाठवतानाच वसूल होणारा कर) कापला जात नाही.

शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांचे वेळापत्रक प्रवेशाच्याही आधी सुरू होते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याचे बंधन असते. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ पासून दिली जाते. मुंबईतली जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देत आली आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या उत्पन्नाच्या आणि क्रमवारीच्या अटी बदलत असल्याने त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. या योजनेच्या नावामागे इतिहास आहे. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डीएस्सी मिळाली. त्या काळात ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले.

ऑफर दोन प्रकारची असते. निकाल, इंग्रजीचे गुण अशा अटी बाकी असतील तर कंडिशनल. सगळे पुरे झाले की अनकंडिशनल. त्यानंतर विद्यापीठ काही हजार पौंड आगाऊ भरून घेते आणि ‘कॅस’ देते. हा एक इलेक्ट्रॉनिक क्रमांक असतो आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. कॅस देण्यापूर्वी विद्यापीठे हल्ली व्हिडिओवर मुलाखत घेतात. हाच अभ्यासक्रम का, याच शहरात का, खर्च कोण करणार, असे साधे प्रश्न असतात आणि पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. विद्यापीठांच्या या सावधपणामागे कारण आहे : एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे १० टक्क्यांपर्यंत व्हिसा नाकारले गेलेले पूर्वी चालत असे, ती मर्यादा ५ टक्क्यांवर आणण्याचे सरकारने ठरवले आहे. त्यामुळे उशिरा आलेले किंवा संशयास्पद वाटणारे अर्ज विद्यापीठ स्वतःच बाजूला काढते.

स्टुडंट व्हिसा गुणांवर मिळतो : कॅसचे ५०, पैशांचे १०, इंग्रजीचे १०. अर्ज अभ्यासक्रमाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रात छातीचा एक्स-रे काढून टीबीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते सहा महिने चालते. अभियांत्रिकी आणि विज्ञानातल्या काही संवेदनशील विषयांना ‘अ‍ॅटास’ नावाची वेगळी सरकारी मंजुरी लागते. ती फुकट मिळते, पण तिला कित्येक आठवडे लागतात आणि कॅस आल्यावर जाग आली तर सप्टेंबर हुकतो.

अर्ज सर्वाधिक अडकतात ते पैशांच्या पुराव्यावर. उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च (लंडनबाहेर १०,५३९, लंडनमध्ये १३,७६१ पौंड) एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. त्यातल्या एका दिवशीही ती कमी पडलेली चालत नाही, आणि हे २८ दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत संपलेले असावे लागतात. पैसे विद्यार्थ्याचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे हवेत. मामा, काका, आजोबा कितीही सधन असोत, त्यांच्या खात्यावरची रक्कम धरली जात नाही. आईवडिलांच्या खात्याचा आधार घेतला तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. जुना जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांचा नियम नाही, पण कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर आणि मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतले हवे.

नावाचा घोळ ही खास आपल्याकडची अडचण. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. बँकेत मधले नाव गाळलेले. विद्यापीठाच्या पहिल्या अर्जापासून सर्वत्र पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसे लिहावे.

जुलै २०२५ पासून विद्यार्थ्यांना पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर मिळत नाही. सगळे ई-व्हिसावर चालते. ऑनलाइन खाते उघडून त्याला पासपोर्ट जोडावा लागतो, आणि घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला दाखवण्यासाठी त्यातूनच ‘शेअर कोड’ काढावा लागतो. विमानात बसण्यापूर्वी ते खाते उघडून नाव, जन्मतारीख आणि व्हिसाची मुदत तपासून घ्यावी. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अध्यापनप्रधान मास्टर्ससाठी पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. ती सवलत पीएचडी आणि संशोधनप्रधान पदव्यांपुरती उरली आहे.

राहण्याची सोय हा पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा घोर. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर थोडी महाग असली तरी ती घ्यावी. वीज, पाणी, इंटरनेट भाड्यात येते आणि फसवणुकीची भीती नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो पाहून, घर न बघता अनामत पाठवणारे दर सप्टेंबरात सापडतात. खासगी घरांसाठी इंग्लंडचा कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, पण तो माहीत असावा लागतो. सर्वसाधारण घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. स्थानिक हमीदार नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडून सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची रीत होती; नव्या कायद्याने १ मे २०२६ पासून एक महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास मनाई आहे. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या खासगी वसतिगृहांचे नियम मात्र वेगळे आहेत, तेव्हा करार वाचूनच सही करावी. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स लागत नाही. विद्यापीठाकडून तसे पत्र घेऊन स्थानिक काउन्सिलला द्यावे लागते.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवावे. आयएचएस भरलेला असल्याने तपासणी आणि रुग्णालय मोफत असते. औषधांना इंग्लंडमध्ये प्रत्येक नगामागे ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती फुकट. दातांचे पैसे पडतात आणि दंतवैद्याची वेळही लवकर मिळत नाही. दातांची कामे इथूनच उरकून जाणे शहाणपणाचे. बँक खाते उघडायला वेळ लागतो, तोवरच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड असावे. थंडीपेक्षा अंधार जास्त जाणवतो. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि स्कॉटलंडमध्ये त्याहूनही लवकर. या दिवसांत खोलीत कोंडून घेणाऱ्यांना एकटेपणा लवकर गाठतो. विद्यापीठांची मोफत समुपदेशन सेवा त्याचसाठी असते आणि तिचा वापर केल्याची नोंद पदवीवर उमटत नाही. लंडनमध्ये असणाऱ्यांना १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळही आहे.

अभ्यासाची रीत पहिल्या सत्रात गोंधळात टाकते. आठवड्यातले तास कमी दिसतात आणि वाचनाची यादी लांब असते; मोकळा वेळ हा वाचनासाठीच दिलेला असतो. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि सेमिनारमध्ये गप्प बसणे म्हणजे नम्रता नव्हे, तयारी नसणे समजले जाते. गुणांचे मापही निराळे. तिथे ७० म्हणजे सर्वोच्च श्रेणी : मास्टर्सला ७० च्या पुढे डिस्टिंक्शन, ६० च्या पुढे मेरिट, ५० ला उत्तीर्ण. पहिल्या निबंधाला ६२ मिळाले म्हणून घरी फोन करून रडणाऱ्या विद्यार्थ्याला खरे तर चांगले गुण पडलेले असतात. दुसऱ्याचे वाक्य संदर्भाविना घेतले तर ती चोरी ठरते आणि ती संगणक प्रणालीतून पकडली जाते. एआयने लिहिलेल्या मजकुराबाबत प्रत्येक विभागाचे नियम वेगळे आहेत. ते विषयाच्या पुस्तिकेत दिलेले असतात. आजारपणामुळे निबंध रखडला तर मुदतीपूर्वीच सवलतीचा अर्ज करावा, नंतर केलेल्या विनंतीला फारशी किंमत नसते. उपस्थितीची नोंद गांभीर्याने ठेवली जाते, कारण गैरहजर विद्यार्थ्याची माहिती गृह खात्याला देणे विद्यापीठावर बंधनकारक आहे.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते आणि हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड आहे. पूर्ण २० तास मिळाले तर महिन्याला सुमारे ११०० पौंड होतात. त्यातून राहण्याखाण्याचा बराचसा भार हलका होतो, फी मात्र निघत नाही. आणि एवढे तास मिळतीलच असे नाही. विद्यापीठांच्या शहरांत एकेका कॅफेतल्या जागेसाठी कितीतरी अर्ज पडतात. दोन चुका वारंवार होतात. अ‍ॅपवरून खाद्यपदार्थ पोचवण्याची कामे सहसा स्वयंरोजगारात मोडतात आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. दुसरी उन्हाळ्याची : पदवीच्या विद्यार्थ्यांना तेव्हा सुट्टी असते, पण मास्टर्सच्या विद्यार्थ्याचे डिसर्टेशन चालू असते. तो काळ सत्राचाच धरला जातो आणि २० तासांची मर्यादा कायम राहते.

पदवीनंतर राहून काम करण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा आहे. विद्यार्थी त्याला अजूनही पीएसडब्ल्यू म्हणतात. त्या नावाची जुनी सवलत २०१२ मध्ये बंद झाली होती, नवी १ जुलै २०२१ पासून आली. पदवी आणि मास्टर्सनंतर दोन वर्षे मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना दीड वर्ष मिळेल, पीएचडीला तीन वर्षे कायम. सप्टेंबर २०२६ किंवा त्यानंतर मास्टर्स सुरू करणाऱ्याने दीड वर्षच धरावे. त्यापुढे राहायचे तर स्किल्ड वर्कर व्हिसा, आणि त्यासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार आणि पदवी-पातळीचे काम हवे. नव्याने नोकरीत येणाऱ्यांना ३३,४०० पौंडांची सवलत आहे. शिवाय नोकरी देणाऱ्या कंपनीकडे परवाना असावा लागतो आणि अनेक लहान कंपन्या तो घेतच नाहीत. नोकरीचे अर्ज डिसर्टेशन संपल्यावर नव्हे, पोचल्यानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरपासून सुरू करावे लागतात, कारण मोठ्या कंपन्यांची पुढच्या वर्षाची भरती त्याच सुमारास उघडते. विद्यापीठाचा करिअर विभाग पहिल्याच महिन्यात गाठणाऱ्यांना याचा फायदा होतो.

परतणाऱ्यांसाठी पूर्वी एक वर्षाची मास्टर्स ही अडचण होती. भारतात ती दोन वर्षांच्या पदवीशी समकक्ष मानली जात नसे. २१ जुलै २०२२ रोजी दोन्ही देशांत झालेल्या सामंजस्य कराराने ती मोठ्या प्रमाणात दूर झाली. वैद्यक, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर, फार्मसी अशा व्यावसायिक पदव्या मात्र त्या कराराबाहेर आहेत. तिथे भारतातल्या संबंधित परिषदेचे नियम लागू होतात, आणि ते जाण्यापूर्वीच पाहायला हवेत. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. प्राध्यापकी, सरकारी नोकरी किंवा इथल्या विद्यापीठात पीएचडी करायची असेल त्याने पदवीपत्र, ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका ब्रिटन सोडण्यापूर्वीच विद्यापीठाकडून मिळवून ठेवावी आणि समकक्षतेचा अर्ज परत आल्याआल्या करावा.